दाढेतली चांदी आणि कचऱ्याची व्याख्या



दंतवैद्याला व्याख्यानाला बोलावलं की ब्रश कसा फिरवावा, गोड किती खावं, तंबाखू का सोडावी, हे ऐकायची श्रोत्यांची तयारी असते. आज त्यातलं काहीच सांगणार नाही. माझा विषय दाताच्या बाहेरचा आहे. दाढेतून जे निघतं आणि बेसिनमधून, पिशवीतून, बाटलीतून कुठेतरी जातं, त्याला कायद्याने काय म्हणायचं, एवढाच. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते रसायनशास्त्र शिकवायचे, असं मला येताना कळलं. तेव्हा थोडं रसायन चालून जाईल, असं धरून चालतो.

आपल्याकडे दाढेत काय भरलंय असं विचारलं तर उत्तरं दोनच येतात, सिमेंट किंवा चांदी. त्या चांदीत वजनाने साधारण निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त. पाऱ्यात ही भुकटी घोटली की काही मिनिटं लोण्यासारखा मऊ लगदा राहतो, मग तो घट्ट होतो आणि दाढेत वीस-पंचवीस वर्षं सहज टिकतो. स्वस्त, टिकाऊ, ओल्या तोंडातही बसणारा. दीडशे वर्षांहून जास्त काळ दंतवैद्यकाने त्याच्यावर भिस्त ठेवली ती उगीच नाही, आणि आज त्याच्याविषयी बोलताना मी नाक मुरडणार नाही.

आता जरा जवळून पाहू. जुन्या पद्धतीत डॉक्टर बाटलीतून पाऱ्याचे थेंब काचेच्या खलात घ्यायचे, भुकटी टाकायचे आणि घोटायचे. पारा जास्त झाला असेल तर तो लगदा मऊ चामड्यात किंवा कापडात धरून चिमटीत पिळायचे. कापडाच्या छिद्रांतून चकचकीत मणी बाहेर यायचे. दोन-चार ट्रेमध्ये पडायचे, एखादा फरशीवर घरंगळायचा आणि दोन फरश्यांच्या सांध्यात दिसेनासा व्हायचा. तिथून तो जात नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाफ होत राहतो, आणि खोलीतली हवा डॉक्टर, मदतनीस मुलगी आणि पेशंट सगळेच श्वासातून घेतात. नंतर कॅप्सूल आल्या. एका कप्प्यात भुकटी, दुसऱ्यात पारा, मध्ये पातळ पडदा. यंत्रात घालायची, काही सेकंद थडथड होते, पडदा फुटतो, लगदा तयार. सुट्या पाऱ्याला हात लागत नाही.

पण दोन्ही पद्धतींत काहीतरी उरतंच. खड्डा भरून वाटीत राहिलेला लगदा, जो कुणाच्या तोंडाला लागलेला नाही. भरलेल्या दाढेला आकार देताना खरवडलेले आणि थुंकीबरोबर आलेले कण. रिकामी कॅप्सूल, आतून पाऱ्याचा हात लागलेली. जुनी चांदी ड्रिलने काढताना पाण्याच्या फवाऱ्यात मिसळलेली करडी राड. आणि पूर्ण दाढच काढली तर चांदीसकट ती दाढ. हे सगळं एकाच खुर्चीपाशी, एकाच तासात तयार होऊ शकतं. पारा तोच, पण प्रत्येकाची पुढची वाट निराळी. वर्गवारीचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

त्या दाढेचंच घ्या. चांदी भरलेली, रक्त लागलेली, आत्ताच काढलेली. कुठल्या पिशवीत टाकणार? आपल्या देशात २८ मार्च २०१६ पासून जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आहेत. त्यांत चार रंग आहेत: पिवळा, लाल, पांढरा आणि निळा. शरीराचा भाग म्हणून दाढ पिवळ्यात जाते. पिवळी पिशवी भट्टीत जाते. भट्टीचा पहिला कप्पा ८०० अंशांच्या आसपास, दुसरा १०५० च्या आसपास ठेवावा असं नियमच सांगतात. पारा ३५७ अंशांना उकळतो. म्हणजे दाढेची राख होण्याच्या खूप आधी पारा वाफ होऊन धुराड्याच्या वाटेला लागलेला असतो. धुरात पारा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त नको, अशी मर्यादा त्याच नियमांत आहे. नियम करणाऱ्यांना ही वाट ठाऊक होती, असाच याचा अर्थ मी घेतो.

कुणी म्हणेल, चांदी धातू आहे आणि शरीरात बसवलेली वस्तू आहे. धातूची शरीररोपणं निळ्या गटात आहेत, मग टाका निळ्यात. निळ्यातला माल निर्जंतुक करून पुनर्वापराला जातो, आणि धातूचा पुनर्वापर म्हणजे शेवटी वितळवणं. पुन्हा आग, पुन्हा वाफ. रिकामी कॅप्सूल प्लास्टिकची, म्हणून लाल पिशवीत टाकली तर ती ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर तापते आणि मग तिचे तुकडे होतात. तिथे काम करणाऱ्या माणसाला पिशवीत पारा आहे हे कळायला मार्ग नाही. जंतूंसाठी हे चारही रंग उत्तम आहेत, मी त्यांचा चाहता आहे. पण पाऱ्याला जंतूंसारखं मारता येत नाही. त्याला तापवलं की तो फक्त जागा बदलतो.

मग रंग सोडा, नियम बदला. जैववैद्यकीय नियम स्वतःच सांगतात की धोकादायक कचऱ्याच्या नियमांत मोडणाऱ्या कचऱ्याला आम्ही लागू नाही. धोकादायक कचऱ्याचे नियम एका आठवड्याने, ४ एप्रिल २०१६ ला आले. आता गंमत बघा. पहिल्या पुस्तकाप्रमाणे शरीराचा भाग ४८ तासांपलीकडे न जाळता ठेवायचा नाही. दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे धोकादायक कचरा ९० दिवस ठेवता येतो, आणि वर्षाला १० टनांच्या आत कचरा करणाऱ्या छोट्या उत्पादकाला ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. आपल्या नांदगाव-मनमाडकडच्या दंतवैद्याच्या दवाखान्यात पाऱ्याच्या तुकड्यांची एक छोटी बाटली भरायला कित्येक वर्षं लागतात. त्याची दाढ एका पुस्तकाप्रमाणे परवाच गेली पाहिजे आणि बाटली दुसऱ्याप्रमाणे सहा महिन्यांत. टनांच्या हिशेबात लिहिलेला नियम ग्रॅमच्या हिशेबातल्या माणसाला लावला की असं होतं. त्याला नियम मोडायचा नसतो, आपण नेमक्या कुठल्या नियमात बसतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जगाच्या पातळीवरही हाच पेच होता. बासेल करारात घातक कचऱ्याची यादी आहे, आणि त्यातले वाय-क्रमांक या क्षेत्रातल्या माणसांना पाठ असतात. रुग्णालयं आणि दवाखान्यांतला कचरा वाय-१. पारा आणि पाऱ्याची संयुगं वाय-२९. आपली दाढ दोन्हीत बसते. एक क्रमांक ती कुठून आली ते सांगतो, दुसरा तिच्यात काय आहे ते. माझं म्हणणं असं की विल्हेवाट ठरवताना दुसऱ्याला पहिल्यापेक्षा वरचढ मान दिला पाहिजे. रक्त धुता येतं, जंतू मारता येतात, पारा राहतो.

मिनामाता कराराचं नाव आपण ऐकलं असेल. जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारायुक्त सांडपाणी खाडीत जायचं. पारा माशांत गेला, मासे माणसांत गेले, आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखानाच कारण आहे हे सरकारने मान्य करायला १९६८ उजाडलं. त्या गावाच्या नावाचा करार २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच्या अकराव्या कलमात पाऱ्याच्या कचऱ्याची व्याख्या आहे. मला ती फार काळजीपूर्वक लिहिलेली वाटते. जी वस्तू टाकली जाते, टाकायची ठरली आहे, किंवा कायद्याने टाकणं भाग आहे, ती कचरा. आणि असा कचरा तीन प्रकारचा: मुळात पाराच असलेला, पारा घालून बनवलेला, आणि पारा लागून दूषित झालेला.

आता आपली खुर्ची या तीन खणांत बसवून पाहा. दवाखान्याच्या कपाटात जुन्या काळातली पाऱ्याची बाटली पडून असेल आणि ती आता वापरायची नाही, तर ती पहिल्या खणात. उरलेला लगदा, काढलेली चांदी, चांदीची दाढ दुसऱ्या खणात, कारण ते पारा घालून बनवलेल्या वस्तूचे अवशेष आहेत. बेसिनखालचा गाळ, सक्शनच्या जाळीतली घाण, पुसायला वापरलेला बोळा तिसऱ्या खणात. पहिल्या दोन खणांना किती पारा असल्यावर कचरा म्हणायचं अशी मर्यादा लागत नाही. मर्यादा लागते ती तिसऱ्याला, कारण अन्यथा जगातली सगळी माती पाऱ्याचा कचरा ठरेल, कणभर पारा सगळीकडेच असतो. ती मर्यादा २०२३ मध्ये जिनिव्हाला ठरली: किलोला १५ मिलिग्रॅम.

हा आकडा वाचून सोडून देऊ नका, जरा वहीत मांडून बघू. एका मध्यम भरणात साधारण अर्धा ग्रॅम पारा धरा, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. भागिले १५. सुमारे ३३ किलो माती. एका दाढेतला पारा ३३ किलो मातीत सारखा पसरवला तर ती सगळी माती कराराच्या भाषेत पाऱ्याचा कचरा होते. पाण्याचा हिशेब आणखी चमत्कारिक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. ५०० मिलिग्रॅमला भागा, ५ लाख लिटर येतात. आपल्या तालुक्याला उन्हाळ्यात टँकर नवे नाहीत, म्हणून टँकरमध्ये सांगतो: दहा हजार लिटरचे ५० टँकर. अर्थात तुमच्या दाढेतली चांदी पाण्यात अशी विरघळत नाही, नाहीतर ती दाढेत टिकलीच नसती. हा हिशेब घाबरवण्यासाठी केलेला नाही. ‘इतकंसं तर आहे’ हे वाक्य पाऱ्याच्या बाबतीत तपासून घ्यावं लागतं, एवढ्यासाठी केला.

विरघळत नाही या गोष्टीचा उलटा त्रासही आहे. धोकादायक कचरा ओळखायची प्रयोगशाळेतली एक मान्य चाचणी अशी की नमुना आम्लयुक्त पाण्यात सुमारे १८ तास घुसळायचा आणि पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. पारा लिटरला ०.२ मिलिग्रॅम किंवा जास्त उतरला तर कचरा धोकादायक. आपल्या नियमांत हाच आकडा आहे आणि अमेरिकेतही हाच. कचरा जमिनीत पुरला तर पावसाच्या पाण्याबरोबर काय झिरपेल, याची ती रंगीत तालीम. पण घट्ट झालेल्या चांदीने पारा धरून ठेवलेला असतो. एखादा चांगला तुकडा या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकतो, आणि तोच तुकडा भट्टीत टाकला तर सगळा पारा सोडून देईल. पाण्याच्या परीक्षेत पास झाला म्हणून आगीच्या परीक्षेतून सूट मिळत नाही. म्हणून चाचणीच्या कागदापेक्षा मला यादी बरी वाटते. युरोपने तेच केलं. त्यांच्या कचऱ्याच्या यादीत दंतोपचारातल्या पारामिश्रणाला १८ ०१ १० असा स्वतःचा क्रमांक आहे आणि पुढे ताऱ्याची खूण, म्हणजे धोकादायक. मोजत बसायचं नाही. चांदी दिसली की तोच खण.

आता पाण्याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त चिंता तिथली आहे. जुनी चांदी काढताना ड्रिलवर पाण्याचा फवारा असतो. कण काही सक्शनमध्ये जातात, काही पेशंट थुंकतो. मोठे कण जाळीत अडकतात, बारीक खाली जातात. चांदीचा हा भुगा पाण्यापेक्षा कितीतरी पट जड, तेव्हा तो पळत नाही, पहिल्या वळणावर बसतो. बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये तुम्हाला दवाखान्याच्या कित्येक वर्षांचा इतिहास गाळ होऊन बसलेला सापडेल. मग एक दिवस बेसिन तुंबतं. प्लंबर येतो, ट्रॅप उघडतो, तो काळसर गाळ बादलीत घेतो आणि बाहेर गटारात किंवा उकिरड्यावर ओततो, कारण त्याच्या दृष्टीने ती घाण आहे. संपूर्ण दवाखान्यातला पाऱ्याने सर्वांत भरलेला कचरा असा अनवाणी बाहेर पडतो. गटार नाल्याला, नाला लेंडीला किंवा शाकंबरीला. २०२१ च्या सप्टेंबरात या दोन नद्या गावात शिरल्या होत्या, तेव्हा त्यांच्या तळाशी काय काय असतं ते आपण घराच्या उंबऱ्यावर पाहिलं आहे. गाळातल्या सूक्ष्मजीवांच्या हाती पारा लागला तर तो मिथिल पारा होऊ शकतो, आणि मिनामाताचं दुखणं त्याच रूपाचं होतं. नांदगावात तसं झालं आहे असं मी म्हणत नाही. वाट उघडी आहे, असं म्हणतो.

दवाखान्याच्या सांडपाण्याची मानकं जैववैद्यकीय नियमांत दिली आहेत. आम्लता, तरंगते कण, तेल, बीओडी आणि सीओडी ही घाणीची मापं, आणि एक जिवंत परीक्षा: त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. पारा त्या तक्त्यात नाही. पर्यावरणाच्या सर्वसाधारण मानकांत आहे, लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, पण दाताच्या दवाखान्याचं पाणी त्या तक्त्याने मोजायला जातो कोण? आणि मासे चार दिवस जगले यावरून पाऱ्याविषयी काही कळत नाही. मिनामाताच्या खाडीतले जे मासे लोकांनी खाल्ले, तेही धरले तेव्हा पोहत होतेच.

यावर उपाय महागडा नाही. सक्शनच्या वाटेत गाळ धरणारा एक विभाजक बसवतात. मानकाप्रमाणे त्याने ९५ टक्के भुगा अडवला पाहिजे. अमेरिकेने २०१७ मध्ये नियम करून १४ जुलै २०२० पर्यंत तो बसवायला लावला. युरोपात १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचा. आणि विभाजक बसला की वर्गवारीचं कामही सोपं होतं, कारण पाण्यात विखुरलेला पारा पुन्हा एका डब्यात, नाव लिहिता येईल असा हाती येतो.

नाव लिहिण्याला मी इतकं महत्त्व का देतो, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूतल्या कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता, १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनहून उचलून आणलेला. २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे त्या कारखान्यातली ७ टनांहून जास्त फुटकी काच सापडली, पाऱ्यासकट. कारखाना बंद झाला, आणि २००३ मध्ये जवळपास २९० टन पारायुक्त माल जहाजाने परत अमेरिकेला पाठवावा लागला. ती काच भंगारात पोचली ती ‘काच’ म्हणून. आपल्या बाटलीतल्या तुकड्यांवर ‘चांदी’ असं लिहिलंत तर तीही कुठेतरी पोचेल, कारण तिच्यात खरीच चांदी आहे. सराफांच्या पेढीतली धूळ घेऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण बंद खोलीत स्टोव्हवर ही चांदी तापवणाऱ्याला पहिल्या तासात वाफेचा वासही येणार नाही. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो. बासेल करारात पुनर्प्राप्तीलाही विल्हेवाटच धरलं आहे: विकला म्हणून कचऱ्याचा कचरेपणा जात नाही.

काही जण विचारतील, आता चांदी भरतंच कोण? खरं आहे, शहरात तर दातांच्या रंगाचं भरण सर्रास झालं. २०२२ मध्ये मिनामाता करारातल्या देशांनी ठरवलं की दुधाच्या दातांत, १५ वर्षांखालच्या मुलांत, गरोदर आणि स्तनदा मातांत ही चांदी भरू नये, आणि सुटा पारा दंतवैद्याने वापरू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला ही चांदी पूर्ण थांबवायला २०३४ ची मुदत पडली. युरोपने १ जानेवारी २०२५ पासूनच दार लावलं. पण भरणं थांबेल त्या दिवशी कचरा थांबत नाही. या सभागृहात बसलेल्या किती जणांच्या दाढेत चांदी आहे? ती पुढची वीस-तीस वर्षं निघत राहणार, आणि काढणारे तरुण डॉक्टर असे असतील ज्यांनी स्वतः ती कधी भरलेलीच नसेल. समोर आलेला करडा भुगा काय आहे, हे त्यांना पुस्तकातूनच कळेल. म्हणून व्याख्या आत्ता पक्की हवी.

आणि जी चांदी निघणारच नाही, तिचं? ती माणसाबरोबर अमरधामला जाते आणि तिथल्या आगीत तिचा पारा वर जातो. ब्रिटनमध्ये दाहिन्यांच्या धुराड्यांवर पारा धरणारी गाळणी बसवली आहेत. पण माणसाचा देह कुठल्याही करारात कचरा नाही, आणि तो कधी होऊ नये. कचऱ्याची व्याख्या तिथे थांबते ते योग्यच आहे. धुराड्याचा विचार वेगळा करता येईल.

तर दवाखान्याने काय करावं? वर्गवारी खुर्चीपाशी व्हावी, माल एकमेकांत मिसळण्याआधी. माझ्या मते तीन घट्ट झाकणाच्या, रुंद तोंडाच्या बाटल्या पुरेत. एकीत तोंडाला न लागलेला लगदा. दुसरीत तोंडातून निघालेले तुकडे, जाळीतला माल आणि चांदीच्या दाढा, निर्जंतुक करून, पण तापवून नव्हे, द्रावणात बुडवून. तिसरीत रिकाम्या कॅप्सूल. ट्रॅपचा गाळ आणि विभाजकाचा डबा स्वतंत्र. आम्ही शिकलो तेव्हा हे तुकडे एक्स-रेच्या फिक्सरमध्ये बुडवून ठेवायला सांगायचे. आता तो सल्ला मागे पडला, कारण मग फिक्सरचीच विल्हेवाट लावायची पाळी येते. चिठ्ठीवर ‘पारा’ हा शब्द ठळक, बाटली सुरू केल्याची तारीख आणि ‘जाळू नये’ एवढं मराठीत. पिशव्या उचलायला येणारा मुलगा मराठी वाचतो.

बाटल्या भरल्यावर कुठे? महाराष्ट्रात धोकादायक कचरा घेणारे प्रकल्प तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत. नांदगावच्या डॉक्टरने दोनशे ग्रॅमच्या बाटलीसाठी रांजणगाव गाठावं ही अपेक्षा वेडेपणाची आहे. आपल्या जिल्ह्यात म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्यभरची दंत महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. महाविद्यालयांना जिल्ह्याचं संकलन केंद्र करा, वर्षातून एकदा तालुक्यातल्या बाटल्या तिथे जमा होऊ द्या, वजन करून पावती द्या, आणि सहा महिन्यांची मुदत केंद्रात जमा झाल्यापासून मोजा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला एका परिपत्रकात हे करता येईल. कायदा बदलायची गरज नाही.

व्याख्यान संपल्यावर तुमच्यापैकी निम्मे जण येऊन एकच विचारणार आहेत, म्हणून उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. माझ्या दाढेतली चांदी काढून टाकू का? धड असेल, दुखत नसेल, कडेने किडली नसेल तर काढू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२० मध्ये हेच सांगितलं आहे. काढतानाच सर्वांत जास्त वाफ आणि भुगा सुटतो. काढावीच लागली, तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा की हे पाणी कुठे जातं आणि तुकडे कशात ठेवता. विचारायला संकोच वाटला तर माझं नाव सांगा.